गिअरबॉक्सचा डावा पाय: जुन्या फेरारीतलं सॉफ्टवेअर आणि आपल्या दारातली एएमटी

ज्यांचा इअरफोन हरवलाय किंवा ज्यांना एसटीत आवाज ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलताना मी जिथे अडखळलो, ते इथे जरा सरळ केलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, जुन्या स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपग्रेड करतात म्हणे. म्हणजे नक्की काय करतात? आणि धाराशिवमध्ये बसून आपल्याला त्याचं काय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या कितीतरी एएमटी गाड्यांमध्ये त्याच घराण्याचं तंत्रज्ञान आहे. कसं, ते बघू.

सचिनची गाडी आठवते?

सचिनने 29 कसोटी शतकं करून ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरने ती दिली. पुढे तिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर गाजावाजा झाला, आणि 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

या 360 मोडेनाला दोन प्रकारचे गिअरबॉक्स मिळायचे. एक साधा सहा गिअरचा मॅन्युअल. दुसऱ्याचं नाव 'एफ वन'. त्यात क्लचचं पेडल नाही, स्टिअरिंगमागे दोन पात्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा.

ही कल्पना रेसिंगमधून आली. 1989 मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत असा गिअरबॉक्स बसवला आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलला, नायजेल मॅन्सेल जिंकला. 1997 मध्ये एफ 355 मधून तो रस्त्यावरच्या गाडीत आला. यामागची यंत्रणा मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीची. त्या काळी फेरारी आणि मारेल्ली, दोन्ही फियाट समूहातल्याच.

आता 2014. मारुतीने सेलेरिओ आणली, 'ऑटो गिअर शिफ्ट'वाली. त्याच वर्षी टाटांची झेस्ट एएमटी आली, पुढच्या वर्षी नॅनो एएमटी. या तिन्हींची गिअर बदलणारी यंत्रणा मॅग्नेटी मारेल्लीची!

म्हणून गाडी फेरारी होते का? नाही. पण तत्त्व एकच आहे. गिअरबॉक्स मॅन्युअलच, क्लच प्लेटही साधीच, फक्त तुमचा डावा पाय आणि डावा हात यांची जागा हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि एका छोट्या कॉम्प्युटरने घेतली. त्या कॉम्प्युटरला म्हणतात टीसीयू, ट्रान्समिशन कंट्रोल युनिट.

डावा पाय काय करतो?

तुम्ही मॅन्युअल गाडी चालवता तेव्हा काय होतं ते आठवा. ॲक्सिलरेटर सोडला, क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, पुढचा टाकला, क्लच हळू सोडला, परत ॲक्सिलरेटर. सहा कामं. टीसीयू हेच करतो. सेन्सर त्याला सांगतात की क्लच किती उघडलाय, गिअर कुठे आहे, शाफ्ट किती वेगाने फिरतोय.

सुरुवातीच्या सॉफ्टवेअरचा स्वभाव सावध होता. एक काम पूर्ण झालं, सेन्सरने होकार दिला, मगच पुढचं. आपण कोडमध्ये एकेका ओळीची वाट बघत बसतो ना, तसं. नव्या आवृत्त्यांनी कामं एकमेकांवर चढवली. क्लच पूर्ण उघडण्याआधीच गिअरवर दाब द्यायला लागायचं, इंजिनला आधीच सांगून ठेवायचं की आता जोर कमी कर.

फरक किती पडतो? 2003 च्या चॅलेंज स्ट्रादालेमध्ये, म्हणजे 360 च्याच जहाल भावात, गिअर बदलायला 150 मिलिसेकंद लागायचे. 2007 च्या 430 स्कुडेरियात तो आकडा 60 वर आला. 8500 आरपीएमला इंजिन 150 मिलिसेकंदात साधारण 21 फेऱ्या मारतं, आणि 60 मिलिसेकंदात साडेआठ. एवढ्या फेऱ्यांच्या फटीत हे सगळं उरकायचं.

म्हणूनच 360 चे मालक आपल्या गाडीच्या टीसीयूमध्ये चॅलेंज स्ट्रादालेचं सॉफ्टवेअर बसवून घेतात. बीएमडब्ल्यू एम थ्री, म्हणजे ई 46 वाली, तिच्या एसएमजी गिअरबॉक्समध्ये सीएसएल मॉडेलचं सॉफ्टवेअर टाकणारेही पुष्कळ आहेत. गाडी जुनी, लोखंड तेच, पण गिअर बदलताना येणारा तो डुलका कमी होतो.

वेगाची चर्चा जास्त होते, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते गाडी उचलताना क्लच किती वेळ घासला जातो, ते. जुनं सॉफ्टवेअर क्लच फार वेळ अर्धवट ठेवायचं. ट्रॅफिकमध्ये फेरारीचे क्लच लवकर संपायचे, त्याचं हे एक मोठं कारण. सुधारित सॉफ्टवेअर क्लच लवकर आणि ठामपणे जोडतं. म्हणजे चांगलं अपग्रेड खर्चही वाचवतं.

सॉफ्टवेअर काय करू शकत नाही

इथे थांबून नीट वाचा, कारण पैसे इथेच जातात.

सॉफ्टवेअर फक्त वेळ बदलतं. झिजलेली प्लेट ते जाड करत नाही. पंप दाब देत नसेल, तेल गळत असेल, सिंक्रोनायझर खराब असेल, तर वेगवान सॉफ्टवेअरने ते लवकर मरतील. म्हणून आधी स्कॅनर लावून क्लचची झीज आणि हायड्रॉलिकचा दाब बघायचा, मग अपग्रेड.

दुसरं, आधीच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्यायचा. तिसरं, फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडायचा. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर टीसीयू अर्धाच लिहिला जातो आणि गाडी जागची हलत नाही. मोबाईलचं अपडेट अर्ध्यात बंद पडल्यासारखं, पण मोबाईल निदान खिशात घालून दुकानात नेता येतो!

चौथं सगळ्यात महत्त्वाचं: लर्निंग. क्लच नेमका कुठे पकडायला लागतो, आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तो बिंदू, टीसीयूला अचूक माहीत असावा लागतो. फेरारीचे कारागीर त्याला पीआयएस म्हणतात. प्लेट झिजते तसा तो सरकतो, नवी टाकली की पुन्हा बदलतो. आकडा चुकला की गाडी एकतर झटके मारते, नाहीतर क्लच घासत राहते.

मामांची एएमटी

आमच्या मामांनी इथेच सेकंडहँड एएमटी घेतली. तुळजापूरच्या घाटात ती दम तोडायला लागली, म्हणून गावातल्या एका गॅरेजमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट सगळं नवं टाकलं. कारागीर हाताचा पक्का. पण गाडी पहिल्या गिअरला बैलगाडीसारखी हिसके मारायला लागली. तो म्हणाला, "इंजिनिअर साहेब, माल कंपनीचाच टाकलाय. आता गिअरबॉक्स पुन्हा उतरवून बघावा लागंल."

मी मामांना म्हटलं, "उतरवू नका. आधी लर्निंग झालंय का विचारा." झालं नव्हतं, कारण त्याच्याकडे तो स्कॅनरच नव्हता. गाडी सोलापूरला नेली, स्कॅनर लावला, लर्निंग झालं, झटके गेले. एक नटसुद्धा उघडावा लागला नाही.

यात त्या कारागिराला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. वीस वर्षं जो माणूस आवाजावरून बेअरिंग ओळखतो, त्याचं कौशल्य आता अर्ध्यावर थांबतं, कारण उरलेलं काम सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला स्कॅनर आणि प्रशिक्षण मिळालं नाही, तर जिल्ह्यातलं गिऱ्हाईक सोलापूर-लातूरला जाणार. आयटीआय करणाऱ्या मित्रांनो, पाना आणि लॅपटॉप दोन्ही चालवणाऱ्याला इथे काम कमी पडणार नाही.

तुमच्याकडे एएमटी असेल तर

- चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरू नका. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. नवरात्रातल्या गर्दीत तर नक्कीच.
- क्लचचं काम झालं की "लर्निंग केलं का?" हे विचारूनच पैसे द्या.
- सेकंडहँड घेताना स्कॅनर लावून क्लचची स्थिती बघून घ्या.
- सर्व्हिसला टीसीयूचं अधिकृत अपडेट आहे का विचारा. कुणाच्याही पेन ड्राइव्हमधली 'स्पोर्ट' फाइल टाकू नका. हॅचबॅकचा क्लच त्यासाठी बनलेला नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमची एएमटी काही नखरे करत असेल तर व्हॉइस नोट पाठवा, आणि आवाज रेकॉर्ड करताना गाडीची काच बंद ठेवा, मागच्या वेळी नुसता वाराच ऐकू आला. पुढच्या भागात बोलू इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीबद्दल. भेटू!