एचआयव्हीच्या अंगावरची साखर आणि लागण होण्याच्या वाटा

नाशिकमध्ये साखर म्हटलं की आधी द्राक्षं आठवतात, नाहीतर मधुमेह. आजची साखर त्यातली नाही. एचआयव्हीच्या पृष्ठभागावर जीपी-१२० नावाचं प्रथिन असतं, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. ही साखर विषाणू स्वतः बनवत नाही बरं का! तो आपल्या पेशीत तयार होतो तेव्हा आपलीच पेशी ती त्याच्यावर चढवते. त्यामुळे प्रतिकारशक्तीला तो घरचाच वाटतो आणि प्रतिपिंडांना खालच्या प्रथिनापर्यंत पोचणं अवघड जातं.

लैंगिक संबंधातून येणाऱ्या विषाणूला आधी श्लेष्मल त्वचा ओलांडावी लागते. तिथल्या पहारेकरी पेशी त्याला साखरेवरूनच पकडतात. वरच्या थरातल्या लँगरहान्स पेशी त्याला बऱ्याचदा पचवून टाकतात. खालच्या डेंड्रिटिक पेशींचं मात्र उलटं. डीसी-साइन या रेणूने त्या मॅनोज साखर धरतात आणि विषाणूला थेट सीडी-४ पेशींच्या दारात नेऊन सोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय.

ही चाळणी बारीक आहे. या मार्गाने लागण झालेल्या सुमारे ८० टक्के लोकांत संसर्ग एकाच विषाणूपासून सुरू झालेला दिसतो. झांबियातल्या जोडप्यांच्या २००४ च्या अभ्यासात, नव्या जोडीदारात पोचलेल्या विषाणूवर साखरेच्या जागा कमी निघाल्या. नव्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं अजून नसतात, मग जड चिलखत कशाला, असा एक तर्क. तो सी उपप्रकार होता, आणि भारतातही प्रामुख्याने तोच आहे. बी उपप्रकारात मात्र असं स्पष्ट दिसलं नाही, तेव्हा हा सरसकट नियम समजू नका.

दूषित सुईने ही चाळणीच टळते. विषाणू थेट रक्तात जातो, आणि एकाहून जास्त विषाणूंपासून संसर्ग सुरू झाल्याचं प्रमाण इथे अधिक आढळतं.

आणि आई-बाळ? आईच्या दुधातली लुईस-एक्स ही साखर डीसी-साइनवर बसून विषाणूची जागा अडवते, हेही प्रयोगशाळेत दिसलंय. पण त्यावर विसंबून औषध थांबवायचं नाही. उपचार नसतील तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. वेळेवर एआरटी सुरू केली तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. त्यासाठी गरोदरपणातच तपासणी हवी, आणि सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते.