'बेकार' कोणाला म्हणायचे?

मुलाला पदवी मिळून दोन वर्षे झाली, पण नोकरी नाही. घरी आलेले पाहुणे विचारतात, "हल्ली काय करतो?" वडील त्याच्यादेखत सांगून टाकतात, "काय करणार? बेकार आहे." त्याच घरात पहाटेपासून राबणाऱ्या आईबद्दल विचारले, तर उत्तर मिळते, "ती काही करत नाही, घरीच असते." दोन्ही उत्तरे सहज दिलेली असतात, पण ऐकणाऱ्याच्या मनाला ती लागतात.

शब्द फिरला कसा?

'बेकार' हा शब्द मूळचा फारसी. 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम. ज्याच्या हाताला काम नाही तो बेकार, इतकाच त्याचा सरळ अर्थ. पण पुढे आपण 'बेकार सिनेमा', 'बेकार माल' असे म्हणू लागलो आणि काम नसलेला माणूसही जणू टाकाऊ ठरला. त्या मानाने 'बेरोजगार' सौम्य आहे. फारसीत 'रोजगार' म्हणजे काळ, दिवस. आपल्याकडे तो पोटापाण्याचा उद्योग झाला. बेरोजगार म्हटले की कमाईचे साधन नाही एवढेच कळते. माणसाची लायकी काढली जात नाही.

'बिगार' म्हणजे सक्तीने, मोबदल्याशिवाय करून घेतलेले काम. राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. तरी बांधकामावर घाम गाळून मजुरी मिळवणारा आजही 'बिगारी'च म्हणवला जातो. काळ बदलला, पण शब्द चिकटून राहिला.

मोजणीतले अर्थ

घरात ज्याला बेकार म्हणतात, तो सरकारी पाहणीत बेरोजगार असेलच असे नाही. ज्याला काम नाही, पण जो ते शोधतो आहे किंवा मिळाल्यास करायला तयार आहे, तोच तिथे बेरोजगार. निराश होऊन ज्याने कामाची आशाच सोडली, तो 'श्रमशक्तीबाहेर' जातो. बेरोजगारांचा आकडा तेवढा कमी होतो, घरची ओढाताण मात्र तशीच राहते.

उलट वडिलांच्या दुकानात पगाराशिवाय बसणारा मुलगा किंवा घरच्या शेतात राबणारी सून रोजगारात मोजली जाते. केवळ स्वयंपाकपाणी, मुलेबाळे आणि घरातली आजारपणे सांभाळणारी गृहिणी मात्र श्रमशक्तीबाहेर! तीच बाई दुसऱ्याच्या घरी पगारावर पोळ्या लाटू लागली की लगेच रोजगारात येते. काम तेच, फक्त मोबदला मिळाला की नाव बदलते.

शब्द मानही देतो

शब्दाने माणूस खाली ढकलला जातो, तसा उभाही राहतो. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला, बंधारे बांधायला बाहेर पडले. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या योजनेचे नाव 'मदत' किंवा 'दुष्काळी काम' नव्हते, तर 'रोजगार हमी' होते. 1977 साली राज्याने तिचा कायदा केला. 2005 मध्ये केंद्र सरकारनेही ग्रामीण भागासाठी देशव्यापी कायदा केला. 'हमी' या एका शब्दाने मजुराची याचना हक्कात बदलली. मग तो सरकारदरबारी काम मागायला जाऊ लागला, भीक मागायला नव्हे.

घरातही असा बदल अवघड नाही. मुलाबद्दल 'नोकरीच्या शोधात आहे' असे सांगता येते. तो शिकवण्या घेत असेल, दुरुस्तीची कामे करत असेल, तर तेही अभिमानाने सांगावे. पगाराची नोकरी म्हणजेच काम, असे थोडेच आहे? पत्नीबद्दल 'घर सांभाळते' म्हणावे. अशा बोलण्याने कोणाला नोकरी मिळत नाही, हे खरे. पण दारोदार अर्ज घेऊन फिरणाऱ्याला, निदान स्वतःच्या घरात तरी, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणार नाही.