जुनी शिडाची होडी घेण्यापूर्वी काय पाहावे

सिल्वासाला समुद्र नाही. तरीही आम्ही चौघा सभासदांनी दमणच्या खाडीकाठी पडून असलेली एक जुनी, चौदा फुटी शिडाची होडी घेतली आहे. ही बातमी मंडळात पसरल्यापासून दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, ‘या वयात हे काय काढलेत?’ म्हणणारी. दुसरी, ‘आम्हालाही हौस आहे, काय बघायचे ते सांगा’ म्हणणारी. हे लिखाण दुसऱ्यांसाठी. आमच्यापैकी कोणी सुतार नाही की खलाशी नाही. दमणच्या एका वयस्कर मिस्त्रींनी चार-पाच रविवार शेजारी बसवून जे दाखवले, तेच इथे मांडतो आहोत.

पहिली गोष्ट, रंगाकडे बघू नका. कर्जाला तारण ठेवायची इमारत पाहायला गेलेला बँकेचा माणूस भिंतीचा रंग बघत नाही, पाया बघतो. होडीचा पाया म्हणजे तळाचा लांब कणा. मिस्त्री त्याला पठाण म्हणतात. फळी बदलता येते, बरगडी बदलता येते. पठाणच कुजला असेल तर नवी होडी बांधण्याइतका खर्च येतो. तेव्हा नमस्कार करून परत फिरावे. या होडीच्या आधी पाहिलेली एक, दिसायला कितीतरी देखणी, आम्ही याच कारणाने सोडली.

तपासायला महागडे यंत्र लागत नाही. एक आरी आणि एक लहान हातोडी पुरते. आरी चांगल्या सागात जेमतेम टोचते. कुजलेल्या लाकडात लोण्यात जावी तशी जाते. हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड टणक वाजते, आजारी लाकूड बद वाजते. फुटाफुटावर ठोकून खडूने खुणा केल्या की होडीचा नकाशाच तयार होतो.

लाकूड कुठे कुजते, याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. आपल्याला वाटते, जो भाग पाण्यात राहतो तो आधी जाणार. कुजवणारी बुरशी मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतील तिथे वाढते, आणि तिला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी मानवते. म्हणून होडीचा खरा शत्रू पावसाचे साचलेले पाणी. डोलकाठीचा बुंधा जिथे टेकतो ती खाच, बसायच्या फळ्यांखालचे कोपरे, मागच्या आडव्या फळीचे सांधे, इथे आरी आधी लावावी. समुद्रात बुरशीचा त्रास कमी, पण तिथे लाकूड पोखरणारा किडा असतो. बाहेर टाचणीएवढे भोक आणि आत बोगदे, असा त्याचा कारभार.

सागाच्या चिवटपणाचे उदाहरण आपल्या अगदी अंगणातले आहे. ‘दों फर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया’ ही पोर्तुगीज आरमाराची शिडाची फ्रिगेट दमणला बांधली गेली आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरली. तिचा साग आपल्या नगर हवेलीच्या जंगलातला. १८७८ पर्यंत ती समुद्रात फिरली. १९६३ मध्ये लिस्बनजवळ टॅगस नदीत तिला आग लागली आणि जळका सांगाडा सुमारे तीस वर्षे नदीच्या चिखलात पडून राहिला. तो १९९२ मध्ये बाहेर काढून दुरुस्त केला, आणि १९९८ च्या लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ती फ्रिगेट लोकांना बघायला मिळाली. आज ती नदीपलीकडे कासिल्यासला संग्रहालय म्हणून उभी आहे. खानवेलच्या रस्त्याने जाताना सागाची झाडे दिसली की मुलांना हे जरूर सांगा.

आता नवख्याला सर्वांत फसवणारी गोष्ट. वर्ष-दोन वर्षे उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या सुकून आक्रसतात आणि दोन फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात. आपला हात लगेच लांबीच्या डब्याकडे जातो. फटीत कडक होणारे काही भरले आणि होडी पाण्यात सोडली, की लाकूड फुगते. मधे जागा नसल्याने फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे उचकटतात किंवा बरगडी तडकते. म्हणून मिस्त्रींनी आधी ओली पोती अंथरून होडी आठवडाभर भिजत ठेवायला लावली. निम्म्या फटी आपोआप मिटल्या. उरलेल्यांत कलाफत करायचे, म्हणजे कापसाची तेल पाजलेली वात बोथट छिन्नीने ठोकून बसवायची. घट्ट, पण दाबली जाईल इतकीच. हे ‘इतकीच’ कानाला कळते, ठोक्याचा आवाज बदलतो. आम्हाला अजून पुरते कळत नाही. मिस्त्रींची मुले वापीला कारखान्यात आहेत आणि हे शिकायला त्यांच्याकडे दुसरे कोणी येत नाही. त्यामुळे आमच्यातल्या दोघांनी बाकी सगळे सोडून सध्या एवढेच शिकायचे ठरवले आहे.

खिळ्यांभोवतीचे लाकूड काळे आणि मऊ झाले असेल तर तो गंजाचा परिणाम. असे खिळे बदलावेत, पण लोखंडी खिळ्यांना लागून तांब्याचे ठोकू नयेत. खाऱ्या पाण्यात लोखंड आणखी झपाट्याने खाल्ले जाते.

होडी नुसती दोन टायरांवर ठेवू नये, मधे पोट सुटते. तळाला चार-पाच ठिकाणी सारखा आधार द्यावा आणि एका वेळी एकच फळी काढावी. सगळ्या एकदम काढल्या तर आकार बिघडतो, आणि तो पुन्हा कोणालाही आणता येत नाही.

शिडाचे कापड बरे दिसले तरी शिवण नखाने ओढून बघा. उन्हाने दोरा आधी जातो. आमच्या शिडाची शिवण हातात आली. नव्या शिडाचा अंदाज होडीच्या किमतीच्या दुपटीजवळ गेला आहे, तेव्हा घासाघीस करताना होडीपेक्षा शीड आणि डोलकाठी बघून करा.

रंग आणि वॉर्निश दिवाळीच्या सुमारास लावायचे आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते नीट बसत नाही. त्यानंतर होडी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पाण्याने भरून बघायची, माणसांसकट तरंगते का ते. तरंगण्यासाठी हवाबंद पिंपे बसायच्या फळ्यांखाली आधीच बांधलेली असतील. ही परीक्षा झाल्याशिवाय एकही मूल तिच्यात बसणार नाही, हे चौघांनी घरी लेखी दिले आहे. दुधनीच्या जलाशयात नेण्याची परवानगी त्यानंतर मागू. मधुबन धरणाचे ते पाणी गोडे आहे, म्हणजे तिथून आणल्यावर होडी उलटी ठेवून, खालून वारा खेळेल अशी वाळवायची.