संगणकाची जुळी भावंडे

एखाद्या कचेरीत एकाच बनावटीचे वीस नवे संगणक आले आहेत, असे समजा. टेबलावर ठेवून वीज जोडली की लगेच काम सुरू, असे होत नाही. प्रत्येकावर आधी विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली चढवावी लागते. मग तिच्यातील ताज्या सुधारणा, मराठी टंकलेखनाची सोय, हिशेबाचा प्रोग्रॅम, प्रिंटरची जोडणी अशी कामे एकामागून एक करावी लागतात. एका संगणकाला तीन तास धरले, तर विसांना साठ तास झाले! शिवाय तेच तेच काम करताना हातून चुका होतात. एखाद्या संगणकावर प्रिंटर राहतो, तर एखाद्यावर मराठी.

म्हणून जाणकार मंडळी एकच संगणक मन लावून तयार करतात आणि उरलेले एकोणीस त्याच्यावरून उतरवून घेतात. या पद्धतीला 'क्लोनिंग' म्हणतात. हा शब्द मूळचा बागेतला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. १९०३ साली अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी तो बियांऐवजी कलमांपासून वाढवलेल्या रोपांसाठी सुचवला. जास्वंदीची फांदी छाटून लावली की मूळ झाडासारखेच झाड येते, तसेच हे.

फाइली उतरवल्या की झाले का?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? पेन ड्राइव्हवर सर्व फाइली घ्याव्या आणि दुसऱ्या संगणकावर टाकाव्या! पण असा संगणक सुरूच होणार नाही. संगणक सुरू होताना कोणता भाग प्रथम वाचायचा, डिस्कचे विभाग कुठे सुरू होतात व कुठे संपतात, ही माहिती नेहमीच्या फाइलींत नसते. ती डिस्कवर ठरलेल्या जागी लिहिलेली असते. शिवाय चालू असलेली कार्यप्रणाली स्वतःच्या कित्येक फाइली सतत बदलत असते. धावत्या माणसाच्या अंगाचे माप कसे घेणार?

यासाठी संगणक पेन ड्राइव्हवरील एका छोट्या, वेगळ्या कार्यप्रणालीने सुरू करतात. मुख्य डिस्कवरील कार्यप्रणाली त्या वेळी झोपलेली असते. मग डिस्कच वाचून काढतात.

डिस्क ही चौकटीच्या वहीसारखी असते. प्रत्येक चौकटीला क्रमांक असतो आणि रूढ मापाप्रमाणे तिच्यात ५१२ बाइट मावतात. या हिशेबाने २५६ गिगाबाइटच्या डिस्कवर ५० कोटी चौकटी होतात! त्या सगळ्या उतरवायच्या का? नाही. कोणत्या चौकटी भरलेल्या व कोणत्या रिकाम्या, याचा नकाशा डिस्कवरच असतो. क्लोनिंगचा प्रोग्रॅम तो नकाशा वाचतो आणि भरलेल्या चौकटीच उचलतो. या सर्वांची मिळून जी एक मोठी फाइल तयार होते, तिला 'इमेज' म्हणतात.

अशा प्रोग्रॅमांपैकी 'घोस्ट' हा न्यूझीलंडमध्ये तयार झाला आणि १९९८ साली सिमँटेक या अमेरिकन कंपनीने तो घेतला. तैवानमध्ये तयार झालेला 'क्लोनझिला' विनामूल्य मिळतो.

एक शिक्षक, एकोणीस विद्यार्थी

आता थोडे गणित करू. आपली इमेज ४० गिगाबाइटची, म्हणजे ४,००० कोटी बाइटची आहे. कचेरीतील जाळ्याचा वेग एक गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा एका सेकंदात साडेबारा कोटी बाइट जातील आणि पूर्ण इमेज जायला ३२० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे २० सेकंद लागतील. एकोणीस संगणकांना एकामागून एक पाठवल्यास १ तास ४१ मिनिटे २० सेकंद होतील.

पण वर्गात शुद्धलेखन कसे घालतात ते आठवा. गुरुजी प्रत्येक विद्यार्थ्याजवळ जाऊन परिच्छेद सांगत नाहीत. ते एकदाच वाचतात आणि सारा वर्ग लिहून घेतो. 'मल्टिकास्ट' पद्धतीत असेच होते. मुख्य संगणक प्रत्येक तुकडा एकदाच पाठवतो आणि एकोणीसही संगणक तो टिपून घेतात. एखाद्याचा तुकडा निसटला, तर तो पुन्हा मागतो. त्यामुळे सर्वांत हळू लिहिणाऱ्याच्या गतीने वर्ग चालतो. प्रत्यक्षात आपल्या हिशेबापेक्षा वेळ जास्त लागतो. पण एकाला लागणाऱ्या वेळेतच एकोणीसही तयार होतात, हे विशेष.

जुळ्यांची ओळख

येथे मात्र एक गोम आहे. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असले, तरी बोटांचे ठसे वेगळे असतात. आपल्या संगणकांचे काय?

प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा क्रमांक दिलेला असतो. तो डिस्कवर नसल्यामुळे वेगळाच राहतो. पण संगणकाचे नाव आणि कार्यप्रणालीने त्याला दिलेला ओळखक्रमांक डिस्कवर असतात. चौकटी उतरवताना तेही जसेच्या तसे उतरतात. वीस माणसांच्या खिशात एकच ओळखपत्र!

लिनक्सच्या काही आवृत्त्या जाळ्यातील पत्ता मागताना हाच ओळखक्रमांक सांगतात. मग पत्ते वाटणारे यंत्र फसते आणि दोन संगणकांना एकच पत्ता देते. घराच्या पत्त्याचा असा घोळ झाला, तर पोस्टमनची जी गत होईल, तीच येथे होते.

विंडोजची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. तिच्या ओळखक्रमांकात ९६ यादृच्छिक बिट असतात. म्हणजे सुमारे ८ वर २८ शून्ये इतके वेगवेगळे क्रमांक शक्य आहेत. सरळ मार्गाने चढवलेल्या दोन संगणकांना सारखा क्रमांक मिळणे जवळजवळ अशक्य! क्लोनिंगमध्ये मात्र तो हमखास सारखा येतो. हा क्रमांक बदलण्यासाठी मार्क रुसिनोविच यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. २००९ साली त्यांनीच तो मागे घेतला आणि सारख्या क्रमांकाने प्रत्यक्षात काही बिघडत नाही, असे दाखवून दिले. क्रमांक नवा करावा हा मायक्रोसॉफ्टचा नियम कायम होता. तरी पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. पुढे २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या सुधारणांनी विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ओळखीची तपासणी कडक केली. सारखा क्रमांक असलेले संगणक एकमेकांना दाद देईनात. सामायिक फोल्डर उघडेना, दुरून प्रवेश मिळेना. सोळा वर्षे निरुपद्रवी वाटलेली त्रुटी एकाएकी जागी झाली!

उपाय सोपा आहे. पण तो इमेज घेण्यापूर्वीच करायला हवा. विंडोजमधील 'सिसप्रेप' हा प्रोग्रॅम मूळ संगणकाची ओळख पुसून टाकतो. मग प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा क्रमांक तयार करते. लिनक्समध्येही ओळखक्रमांकाची फाइल रिकामी करून ठेवतात. सारखे करणे हे निम्मे काम झाले. जे वेगळे राहायला हवे, ते वेगळे ठेवणे हे उरलेले निम्मे.

शाळेच्या संगणक-कक्षात गुरुजींच्या परवानगीने चार संगणकांची नावे आणि नेटवर्क कार्डांचे बारा चिन्हांचे क्रमांक वहीत उतरवून घ्या. क्रमांकातील पहिली सहा चिन्हे सहसा कार्ड बनवणाऱ्याची असतात. कोणती चिन्हे जुळतात आणि कोणती नाहीत, ते शोधा पाहू!