बदलणार आहे म्हणे!

सासरी आलेल्या नव्या नवरीला सगळ्या घराचा एकच सल्ला असतो, 'जमवून घे गं.' मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा इथपासून उठायचं किती वाजता इथपर्यंत जमवून घ्यायचं ते तिनेच. गंमत म्हणजे हाच सल्ला नोकरी करणाऱ्या बाईला ऑफिसातही मिळतो. दोन कचेऱ्या एक झाल्या, रजिस्टर जाऊन कॉम्प्युटर आला, कामाची पद्धत बदलली, की वरून एक पत्रक येतं आणि शेजारच्या टेबलावरून तोच सल्ला, 'जमवून घ्या मॅडम.' कसं जमवायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आमची एव्हरशाईन सिटी वसईच्या पूर्वेला. सकाळी बिल्डिंगांच्या फाटकांतून बायकांची नुसती धावपळ सुरू असते. कुणी चर्चगेटच्या लोकलसाठी रिक्षा शोधतेय, कुणी वालीवच्या कारखान्यात निघालीय, कुणी शाळेत, कुणी बँकेत. महिला मंडळाच्या कामामुळे यातल्या बऱ्याच जणींशी बोलणं होतं. आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी चिंतेच्या सुरात म्हणतेच, "ताई, आमच्याकडे सगळं बदलणार आहे म्हणे!"

मैत्रिणींनो, खरी गोम त्या 'म्हणे'मध्ये आहे. बदलाला बाई घाबरत नाही. लग्नात घर बदलतं, आडनाव बदलतं, ती निभावून नेते. ती घाबरते ती अर्धवट कळलेल्या गोष्टीला.

आमच्याच गावचं उदाहरण घ्या. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एका छत्राखाली आल्या. तेव्हा चर्चा झाली ती राजकारणाची आणि महानगरपालिका नको म्हणणाऱ्या गावांच्या आंदोलनाची. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळायचं ठरवलं आणि तो वाद कोर्टातही गेला. पण टेबलापलीकडे बसणाऱ्या माणसाचा विचार किती जणांनी केला? ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद 'नमुना आठ'मध्ये, नगरपरिषदेची पद्धत निराळी, महानगरपालिकेची आणखी निराळी. शिवाय अशा विलीनीकरणात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनात प्रश्न असतात. माझी मागची नोकरी धरणार का? सेवाज्येष्ठता कशी लावणार? वेतनश्रेणी कोणती? बदली कुठे? चुली एक केल्या की स्वयंपाक आपोआप एक होत नाही हो! कुणाला गोडा मसाला लागतो, कुणाला बाटली मसाला.

बदल जरा बेताने कसा करता येतो, हे बँकांच्या विलीनीकरणात दिसलं. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. कुणाची नोकरी जाणार नाही, असं सरकारने आधीच जाहीर केलं होतं. कागदावर विलीनीकरण एका दिवसात झालं, पण देना आणि विजयाच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालत होते. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं! त्रास झालाच नाही असं नाही. नवं चेकबुक, नवा कोड म्हणून काउंटरवर रांगा लागल्या आणि ग्राहकांचा राग खिडकीतल्या बाईने झेलला. पण जुनं एकदम तोडायचं नाही, नव्याची सवय होईपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं, हा शहाणपणा त्यात होता.

आता याच्या उलट बघा. अंगणवाडी सेविकांची रजिस्टरं जाऊन मोबाईल आला. पुढे २०२१ मध्ये केंद्राचं 'पोषण ट्रॅकर' ॲप आलं. ॲप इंग्रजीत आणि हातातला मोबाईल जुना, कमी क्षमतेचा! गावोगावच्या सेविकांनी माहिती भरायची तरी कशी? शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. वरवर बघणारे म्हणाले, "यांना शिकायलाच नको." पण त्यांचा विरोध शिकण्याला नव्हता. कामाला येईल असा मोबाईल द्या आणि आम्हाला कळेल त्या भाषेत ॲप द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हे मागणं आधीच विचारून घेतलं असतं, तर?

आमच्या मंडळातली एक मैत्रीण एका खाजगी कंपनीत वीसेक वर्षं हिशेब लिहीत होती. नवीन प्रणाली आली, दोन तासांचं शिक्षण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून चुका मोजणं सुरू. ती राजीनामा लिहून बसली होती. चाळिशी-पंचेचाळिशीच्या किती तरी जणी अशाच गुपचूप घरी बसतात. घरचेही म्हणतात, "सोड, नाही तरी दगदगच आहे." पगार जातो, पण त्याबरोबर आपल्याला काहीतरी येतं हा विश्वासही जातो. त्याची भरपाई कशी होणार? तिने महिनाभर मुदत मागितली, ऑफिसातल्या तरुण मुलीला शेजारी बसवून रोज अर्धा तास शिकली आणि वहीत मराठीत पायऱ्या उतरवल्या. त्या मुलीलाही जुन्या खात्यांची खाचाखोच हिच्याकडूनच कळली. आज दोघी एकमेकींना धरून आहेत.

म्हणून सांगावंसं वाटतं, बदल होणार असं कानावर आलं की आधी त्या 'म्हणे'चा छडा लावा. माझं काम काय राहील, कुणाला विचारायचं, शिकवणार कोण आणि किती दिवस, हे सरळ विचारा. शक्य असेल तर लेखी विचारा. एकटीने नाही, चार जणींनी मिळून विचारा. सरकारी नोकरी असेल तर सेवापुस्तकातल्या नोंदी तपासून घ्या, खाजगी असेल तर नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

आणि आपल्यातल्या ज्या कुणी मुख्याध्यापिका आहेत, पतपेढी चालवतात, बचत गटाच्या अध्यक्षा आहेत, त्यांनी दुसरी बाजू सांभाळावी. बचत गटाची वही मोबाईलवर न्यायची असेल तर आधी सगळ्यांत मागे बसणाऱ्या बाईला विचारा, "तुला काय अडचण येईल?" दोन महिने वही आणि मोबाईल दोन्ही चालू द्या. पहिल्या महिन्याच्या चुका समजून घ्या, मोजू नका.

जमवून घ्यायला आपण कधीच नाही म्हटलेलं नाही. फक्त काय जमवायचं आहे, ते आधी नीट सांगा.