'जोडणे' आणि 'अंगठा' : ग्रामीण स्त्रियांच्या बँकव्यवहारातील दोन शब्द

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील खेड्यांत स्त्रियांचा बँकेशी परिचय प्रथम बचतगटांनी घडविला. २०१४ पासून जनधन योजनेने खाती उघडली, आणि २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १,५०० रुपये खात्यांवर येऊ लागले. तथापि खाते असणे आणि ते वापरता येणे या भिन्न गोष्टी होत. त्यांमधील अडसर पुष्कळदा शब्दाचा असतो.

'खाते आधारला जोडले आहे' या वाक्यात दोन अर्थ दडलेले आहेत. बँकेच्या दप्तरी आधार क्रमांक नोंदला आहे, हा पहिला. 'एनपीसीआय' या संस्थेच्या नोंदीत त्या क्रमांकापुढे अमुक बँकेचे नाव मांडले आहे, हा दुसरा. रक्कम आधारावरून पाठविली जाते तेव्हा ही दुसरी नोंदच प्रमाण ठरते. आणि तीत एका क्रमांकापुढे एका वेळी एकच बँक राहते, शेवटी जोडलेली. म्हणून सहकारी बँकेचे पासबुक पुढे करणाऱ्या स्त्रीची रक्कम कधीकाळी उघडून विसरलेल्या दुसऱ्याच खात्यात पडलेली असू शकते. 'जोडले आहे' हे लेखनिकाचे उत्तर खोटे नसते, आणि तिची तक्रारही खरी असते! दुसऱ्या क्रियेस बँकेत 'सीडिंग' म्हणतात खरे. परंतु तो शब्द खिडकीबाहेर क्वचितच येतो.

'अंगठा' या शब्दाची गती याहून विलक्षण आहे. निरक्षरास 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणविणाऱ्या भाषेत आता साक्षरासही बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची बोटे कष्टाने झिजतात, आणि झिजलेल्या रेषा यंत्रास ओळखू येईनाशा होतात. अशा वेळी 'अंगठा लागत नाही' असे म्हणतात. वाक्याचा कर्ता अंगठा; साहजिकच दोषही अंगठ्याकडे जातो, यंत्राकडे नव्हे.

ओटीपीची कथा थोडक्यात अशी. सप्टेंबर २०२५ मध्ये उपरोक्त योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली व स्त्रीच्या आधाराबरोबर पती वा पित्याच्या आधाराचीही पडताळणी मागण्यात आली. ज्या फोनवर अंक यावयाचे तो बहुधा फडावर गेलेल्या पुरुषापाशी. 'ओटीपी कोणासही सांगू नका' असे बँक बजावते. आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातील मुलास तो सांगितल्यावाचून तिचा अर्ज पुढे सरकत नाही.