सीडी पुन्हा रिप करताय? आधी टॅग वाचवा!

लग्नकार्यात साउंड सिस्टीम लावणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. एमपीथ्रीची फ्लॅक केली म्हणून आवाज सुधारत नाही. मूळ सीडीच पुन्हा रिप करावी लागते. पण थांबा! 'हळद', 'वरात' असे टॅग तुम्ही हाताने भरलेत. ते सीडीत नसतात, जुन्या एमपीथ्री फाइल्समध्येच असतात. म्हणून जुनं फोल्डर लगेच डिलीट करू नका. एमपीथ्रीटॅग सॉफ्टवेअरमध्ये जुनी गाणी ट्रॅक नंबरने लावून निवडा, कंट्रोल-सी दाबा; नवी फ्लॅक गाणी त्याच क्रमाने निवडा, कंट्रोल-व्ही दाबा. दोन्हीकडची संख्या जुळलीच पाहिजे. आधी एकच अल्बम करून बघा. वरात दारात आली आणि गाणं सापडेना, तर पुढची ऑर्डर गेलीच समजा!